कुस्कोचं सान पेद्रो स्टेशन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंकांच्या जुन्या डोंगरी नगरीला, माचू पिच्चूला पायी नेणारी चार दिवसांची इंका ट्रेल जिथून सुरू होते, त्या वस्तीचं नाव पिस्काकुचो. पण गाइड, हमाल, गाडीवाले आणि ट्रेकर सगळे तिला ‘किलोमीटर ८२’ म्हणतात. एका दिवसाचा छोटा ट्रेक सुरू होतो ती जागा ‘किलोमीटर १०४’. हे आकडे रेल्वेचे आहेत आणि त्यांची मोजणी सुरू होते पेरू देशातल्या कुस्को शहरातून, भाजीबाजाराला लागून असलेल्या सान पेद्रो नावाच्या छोट्या स्टेशनातून.

हल्ली बहुतेक पर्यटक हे स्टेशन न बघताच माचू पिच्चू करून येतात. कुस्कोहून व्हॅनने दोन तास ओयांतायतांबो गावाला जायचं आणि तिथून गाडी पकडायची, हा सोयीचा मार्ग झाला आहे. वेळ वाचतो हे खरं. पण या रेल्वेचा सगळ्यात बघण्यासारखा भाग, कुस्कोच्या वाटीतून गाडी वर कशी चढते तो, त्यात हातचा जातो. म्हणून माझं सांगणं असं की आयुष्यात एकदाच पेरूला जाणार असाल, तर जाताना तरी सान पेद्रोहून गाडी पकडा. ते कसं जमवायचं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

आधी दोन स्टेशनांमधला फरक समजून घ्या

कुस्कोला दोन जुनी स्टेशनं आहेत आणि नवख्या माणसाची गल्लत इथेच होते.

एक वांचाक. आवेनीदा एल सोल हा शहराचा मोठा रस्ता जिथे संपतो, त्या भागात. समुद्राकडून अरेकिपा, हुलियाका करत आलेली रेल्वे १९०८ साली इथे पोचली. तिचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मुंबईच्या मेट्रोएवढं. तितिकाका सरोवराकाठच्या पुनोला जाणारी पर्यटक गाडी या वांचाकहून सुटते आणि वाटेत ला राया ही ४,३०० मीटरहून उंच खिंड ओलांडते.

दुसरं सान पेद्रो. इथून निघणारी रेल्वे अगदी वेगळी. तिचं मूळ नाव कुस्को–सांता आना. उरुबांबा नदीच्या खोऱ्यातून खाली, ला कोन्व्हेन्सिओन या उष्ण प्रदेशातली कॉफी, कोको, कोकाची पानं आणि फळं वर आणण्यासाठी सरकारने ती बांधायला घेतली. माचू पिच्चू दाखवणं हा तिचा हेतू नव्हताच. १९११ साली अमेरिकी संशोधक हायराम बिंगहॅम तिथे पोचले ते खेचरं घेऊन. रूळ त्या डोंगराच्या पायथ्याशी गेले ते १९२०च्या दशकाच्या अखेरीस, आणि पर्यटक आले ते रुळांमागून.

सान पेद्रोचे रूळ ९१४ मिलिमीटरचे, म्हणजे तीन फुटी. माथेरानच्या फुलराणीचे रूळ दोन फुटी, बार्शी लाइटचे अडीच फुटी होते आणि आपला जुना मीटरगेज १००० मिलिमीटरचा. त्यांच्यामध्ये हा पेरूचा नॅरोगेज बसवा, म्हणजे डब्याच्या रुंदीचा अंदाज येईल. खोरं चिंचोळं आहे, आणि अरुंद रुळांवर वळणं जास्त आवळून घेता येतात आणि कडा कमी फोडावा लागतो. तीन फुटी रुळांचा हा फायदा.

दोन्ही स्टेशनांमध्ये टॅक्सीने फार वेळ लागत नाही, पण पहाटेची गाडी असेल आणि ड्रायव्हरला नुसतं ‘ट्रेन स्टेशन’ म्हणालात, तर तो तुम्हाला चुकीच्या दारात उतरवू शकतो. ‘एस्तासिओन सान पेद्रो’ असं पूर्ण नाव घ्या. पोरोय हे तिसरं नावही तिकिटांवर दिसतं. ते शहराबाहेर, डोंगराच्या पलीकडे आहे. तिथून बसलात तर चढाचा सगळा भाग हुकतो.

महिना ठरवा, मग तिकिटं, आणि तीही याच क्रमाने

सान पेद्रोहून माचू पिच्चूच्या गाड्या मुख्यतः मे ते डिसेंबर सुटतात. जानेवारी ते एप्रिल हा पावसाचा काळ. तेव्हा बसने ओयांतायतांबोपर्यंत नेऊन तिथून गाडीत बसवतात. या जोड तिकिटाला ‘बिमोदाल’ म्हणतात आणि बस कुठून सुटणार ते तिकिटावर छापलेलं असतं. ती वांचाकहूनही सुटते, म्हणून ठिकाणाची ओळ नीट वाचा.

पावसाळ्यातली ही खबरदारी उगाच नाही. जानेवारी २०१० मध्ये उरुबांबाला आलेल्या पुराने रूळ वाहून गेले आणि पायथ्याच्या गावात अडकलेल्या हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. गाड्या पुन्हा धावायला दोन महिने लागले. आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ऋतू साधारण ठीक असतो. मे महिन्याची सुट्टी त्याहून चांगली, आकाश स्वच्छ मिळतं. जून-जुलैत मात्र तिथे ऐन हिवाळा, पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि २४ जूनच्या इंती रायमी या सूर्योत्सवामुळे शहरात खोली मिळणं कठीण होतं.

तिकिटांचा क्रम असा ठेवा: पहिलं माचू पिच्चूचं प्रवेश तिकीट, दुसरं रेल्वेचं, तिसरी राहण्याची सोय. प्रवेश तिकिटावर तारीख, तास आणि आत फिरण्याचा मार्ग ठरलेला असतो आणि रोजची संख्या मर्यादित आहे. आधी रेल्वे काढून ठेवली आणि त्या दिवसाचा प्रवेश संपलेला निघाला, तर सगळी घडी विस्कटते.

रेल्वे चालवणाऱ्या दोन कंपन्या आहेत, पेरूरेल आणि इंका रेल. दोघींच्या संकेतस्थळांवर निघण्याचं स्टेशन निवडायची जागा असते. तिथे ‘सान पेद्रो’ दिसतंय ना, ते पाहा. तुमच्या तारखेला ते दिसत नसेल तर एक-दोन दिवस मागेपुढे करून बघा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून घ्या.

नाव भरताना एक खास आपल्या लोकांची अडचण येते. मराठी पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकिटावरही तसंच भरा. मधलं नाव गाळायचं नाही, आडनावाच्या जागी हलवायचं नाही. स्टेशनच्या दारात आणि माचू पिच्चूच्या दारात पासपोर्टशी पडताळणी होते. मूळ पासपोर्ट बरोबर हवा.

या मार्गावर स्थानिक लोकांसाठी स्वस्त गाडीही आहे. ती फक्त पेरूच्या नागरिकांसाठी आणि तिथे राहण्याचा परवाना असलेल्यांसाठी आहे. परदेशी पासपोर्टवर तिचं तिकीट मिळत नाही, त्यामुळे खिडकीवर त्यासाठी वेळ घालवू नका. खोऱ्यातल्या कित्येक वस्त्यांना दुसरी वाहतूकच नाही, तेव्हा ही राखीव सोय मला रास्त वाटते.

कागदपत्रांतल्या दोन गोष्टी

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर भारतीय पासपोर्टवर पेरूत पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाविना जाता येतं. नसेल तर दूतावासातून व्हिसा घ्यावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाचं पान उघडून बघाच.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. कुस्को आणि माचू पिच्चूला जायला तिची सक्ती नाही, पण भारताच्या यादीत पेरू हा पीतज्वराचा देश आहे. परतताना विमानतळावर प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. हा हिशोब निघण्याच्या तारखेपासून मागे मोजा.

उंची: इथे घाई करू नका

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी कुस्को थोडं वरच राहतं. लिमा समुद्राकाठी आहे आणि तिथून विमान सव्वा-दीड तासात कुस्कोला आणून सोडतं. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

माझी पहिली संध्याकाळ याच चुकीत गेली. उतरल्यावर बरं वाटत होतं म्हणून सान ब्लासच्या चढाच्या गल्ल्या चढायला गेले. रात्री डोकं असं ठणकलं की दुसऱ्या दिवशीचा सगळा बेत सोडावा लागला. गड चढायची सवय असणं आणि विरळ हवेत श्वास घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सह्याद्रीत रोज पळणाऱ्या तरुणालाही तिथे त्रास होऊ शकतो आणि त्याच्या आजीला होणार नाही, असंही घडतं.

तेव्हा पहिला दिवस मोकळा ठेवा. हळू चाला, पाणी भरपूर प्या, जेवण हलकं आणि थोडं घ्या, दारू टाळा. ॲसिटाझोलामाइडसारखं औषध घ्यायचं का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच. डोकेदुखी आणि मळमळ थोडी असेल तर विश्रांतीने उतरते. पण चालताना तोल जाणं, बोलताना गोंधळ होणं, बसल्या जागी धाप लागणं ही लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही. दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं.

दोन दिवस हातात असतील तर त्याहून चांगला मार्ग असा: विमानतळावरून थेट टॅक्सीने पवित्र खोऱ्यात, उरुबांबा किंवा ओयांतायतांबो या गावी जा. ते कुस्कोपेक्षा पाच-सहाशे मीटर खाली आहे. तिथे दोन रात्री काढून मग कुस्कोला वर या आणि सान पेद्रोहून गाडी पकडा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी हाच क्रम सांगेन.

हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. पेरूत तो कायदेशीर आहे आणि घरोघरी पितात. आवडला तर तिथेच प्या. पानं किंवा त्याच्या पिशव्या सामानात घालून भारतात आणू नका. आपल्या अमली पदार्थ कायद्यात कोकाची पानं बसतात. ज्यांना तो चहा नको त्यांनी ‘मुन्या’ मागावा. पुदिन्याच्या जवळचा वास असलेली ती डोंगरी वनस्पती आहे आणि पोटाला बरी वाटते.

आदल्या दिवशी पायी स्टेशनपर्यंत

गाडी पहाटेची असते आणि त्या घाईत आजूबाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून आदल्या सकाळी पायी जाऊन या. वाट सोपी आहे, मुख्य चौकापासून दहा-पंधरा मिनिटं, तिथल्या हवेत वीस धरा.

प्लासा दे आर्मास या मुख्य चौकातून काये मांतास या रस्त्याला लागा. लगेच ला मेर्सेदचं चर्च लागतं. तसंच पुढे काये मार्केसने गेलात की सान फ्रान्सिस्को चौक उघडतो. चौकाच्या एका कडेला दगडी कमान दिसेल, आर्को दे सांता क्लारा. ती १८३५ची, पेरू आणि बोलिव्हियाचं संयुक्त राज्य होऊ घातलं होतं त्या काळातली. कमानीखालून सरळ गेलं की सांता क्लाराचा मठ आणि मग एकदम गर्दी, भाज्यांचे ढीग, ओझी वाहणारी माणसं. इथे सान पेद्रोचा बाजार आहे. समोर सान पेद्रोचं चर्च, १६५०च्या भूकंपानंतर उभं राहिलेलं. बाजाराच्या पलीकडच्या अंगाला स्टेशन.

इमारत पाहून थोडी निराशा होऊ शकते, आधीच सांगते. सीएसएमटी डोळ्यांत साठवून वाढलेल्या माणसाला ती साधी वाटेल. इथे घुमट नाहीत, कोरीवकाम नाही. शिवाय तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी फक्त दार आणि भोवताल बघायचा. पण स्टेशन आणि बाजार एकत्र बघा, म्हणजे त्याचा अर्थ लागतो. खालच्या उष्ण खोऱ्यातला माल चढून यायचा तो इथे, शहराच्या भाजीबाजाराच्या दारात. बाजाराचा हा मोठा मांडव १९२५चा, म्हणजे रेल्वे खोऱ्यात उतरत होती त्याच काळातला. दोघं एकमेकांसाठी वाढले.

म्हणून बाजारात तासभर घालवा. बटाट्याच्या रांगेपाशी थांबा. जांभळे, काळे, गाठीगाठींचे, बोटाएवढे लांब असे बटाटे मांडलेले असतात. बटाट्याची लागवड याच डोंगररांगांत हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली. त्याच्या शेजारी पांढरे-काळे खडे दिसतील ते ‘चुन्यो’: रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या साठवणीच्या कुरडया-सांडग्यांशी त्याचं नातं लगेच जाणवतं, फक्त इथे निम्मं काम थंडी करते.

आणि मग ‘किविचा’ लिहिलेलं पोतं शोधा. बारीक पांढुरके दाणे हातात घेतलेत की ओळख पटेल, हा आपला राजगिरा. राजगिऱ्याची ही जात अँडीजचीच. लाह्या फोडूनही विकतात. बटाटा, शेंगदाणा, राजगिरा, साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा, हिरवी मिरची: एकादशीच्या ताटातलं बहुतेक सगळं अमेरिकेच्या दोन खंडांतून आपल्याकडे आलं. हे वाचून माहीत असतं, पण त्या पोत्यासमोर उभं राहिल्यावर मला माझ्या आईचा उपासाचा डबा आठवला आणि बराच वेळ तिथून हलता आलं नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणालात तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे तिथे मुख्यतः लाल मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा. सूप दिसायला भाज्यांचं असलं तरी बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं, ‘काल्दो दे पोयो?’ असं विचारून घ्या. सगळ्यात निर्धास्त म्हणजे चोक्लो, टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं मक्याचं कणीस, ताज्या चीजच्या तुकड्याबरोबर. ओरोपेसा गावचा चुता नावाचा मोठा गोल पाव गाडीसाठी बांधून घ्या. फळांच्या रसाच्या गाड्यांवर पाणी उकळलेलं घालतात का ते विचारा किंवा पाण्याशिवाय मागा.

बाजारात सुटे सोल, म्हणजे पेरूचे पैसे, लागतात, मोठी नोट कोणी मोडून देत नाही. पाठीवरची बॅग पुढे घ्या, फोन खिशात खोल ठेवा. फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि कुणाकडून काही विकत घेतलं असेल तर त्यांना फोटोचं विचारणं सोपं जातं.

गाडीच्या दिवशी

मोठी बॅग कुस्कोच्या हॉटेलातच ठेवायची. गाडीत फक्त हातातली छोटी बॅग चालते. वजन आणि मापाची मर्यादा तिकिटावर असते आणि ती पाळावीच लागते, कारण डब्यात सामानाला जागाच कमी आहे. हॉटेलं हे रोज करतात, पावती देऊन बॅग ठेवून घेतात.

बॅगेत हे असू द्या: पासपोर्ट, दोन्ही तिकिटं छापील, पाण्याची बाटली, टोपी, पावसाचं जाकीट, आणि कपडे थरांचे. पहाटे कुस्कोत स्वेटर लागतो, दुपारी खाली उतरल्यावर हवा दमट आणि उबदार होते. डास चावतात, त्यासाठीही मलम घ्या.

निघण्याच्या अर्धा तास आधी दारात असा. पासपोर्ट आणि तिकीट पाहून आत घेतात, मग डब्याच्या नंबरप्रमाणे फलाटावर सोडतात. फलाटाला तिथे ‘अंदेन’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे डोंगरावर पुन्हा भेटणार आहे.

जागा निवडता येत असेल तर जाताना डावी बाजू घ्या. ओयांतायतांबोनंतर उरुबांबा नदी त्याच बाजूने वाहते. छतालाही काचा असलेले डबे असतात, त्यात उजवीकडे बसूनही शिखरं दिसतात, तेव्हा फार हट्ट नको.

झिगझॅग

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. कुस्को एका वाटीच्या तळाशी आहे. वाटीची कड, एल आर्को नावाची जागा, तळापासून जवळपास ३०० मीटर उंच. मोटार हा चढ वळणं घेत सहज चढते. रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे शंभर मीटर जाताना तीन-चार मीटरपेक्षा जास्त चढ तिला झेपत नाही. म्हणजे ३०० मीटर चढायला आठ-दहा किलोमीटर रूळ हवा. आणि तो घालायला समोर उभा डोंगर, तोही घरांनी भरलेला. मोठा गोल वळसा घ्यायला जागाच नाही.

मग गाडी वळत नाहीच. ती तिरकी चढत एका बंद टोकाशी जाते आणि थांबते. खाली काटेवाला रूळ बदलतो. गाडी आता उलटी, शेपटी पुढे करून, वरच्या रुळावर चढू लागते. पुन्हा बंद टोक, पुन्हा थांबणं, पुन्हा सरळ. कुस्कोचे लोक याला ‘एल झिगझॅग’च म्हणतात.

आपल्याला हे अनोळखी नाही. १८६३ साली बोरघाटातली रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी टोकाशी थांबायची आणि दिशा बदलून पुढचा घाट चढायची. १९२९ साली नव्या बोगद्यांच्या मार्गाने ते बंद झालं. आपल्या पणजोबांनी बोरघाटात जे अनुभवलं असेल, ते कुस्कोत अजून चालू आहे.

एक गंमत बारकाईने बघा. घाटातल्या नागमोडी रस्त्यावर दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे येते. झिगझॅगमध्ये तसं होत नाही. डब्याचं तोंड फिरतच नाही, फक्त चालण्याची दिशा उलटते, म्हणून दरी पूर्ण चढभर एकाच बाजूला राहते. दुसऱ्या बाजूच्यांना डोंगराची भिंत आणि लोकांची परसदारं: वाळत घातलेले कपडे, कोंबड्या, शाळेला निघालेली मुलं, भिंतीवर उभं राहून भुंकणारी कुत्री. मला ती बाजूही तितकीच आवडली. पण शहर बघायचं असेल आणि जागा उलट्या बाजूला मिळाली असेल, तर डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत थोडा वेळ उभं राहता येईल का ते सेवकाला विचारा.

या चढाला अर्धा तास धरा. लाल कौलांची छपरं हळूहळू खाली जातात, मग चौकातल्या चर्चचे मनोरे ओळखू येतात, आणि अचानक शहर संपून शेतं सुरू होतात.

पुढचे किलोमीटर

पोरोयनंतर अंता नावाच्या गावाचं सपाट पठार येतं, गुरं आणि बटाट्याची शेतं. हुआरोकोंदो गावापासून गाडी घळीत शिरते आणि उरुबांबाच्या खोऱ्यात उतरते. ओयांतायतांबोला बहुतेक प्रवासी चढतात आणि शांत डबा भरून जातो. नदी आता कायमची सोबत. डोंगरावर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसू लागतात, इंकांनी शेतीसाठी रचलेल्या. त्यांनाही ‘अंदेन’च म्हणतात, फलाटाचा तोच शब्द. व्हेरोनिका हे हिमशिखर ढग नसतील तर इथेच दिसतं.

किलोमीटर ८२, मग ८८, मग १०४. नुसत्या पाट्या, पण आता त्या कुठून मोजल्या हे तुम्हाला माहीत असतं. हवा बदलते, केळीची पानं आणि ऑर्किड दिसतात. साडेचार तासांच्या आसपास गाडी माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावाला, आग्वास काल्येंतेसला पोचते, २,०४० मीटरवर. एल आर्कोपासून इथवर आपण जवळजवळ अख्खं कळसूबाई उतरून आलेलो असतो. उंचीचा त्रास होत असलेल्यांना इथे एकदम हलकं वाटतं.

हे गाव रेल्वेमुळेच वसलं. रूळ घालणाऱ्या मजुरांची छावणी इथे होती आणि तिला केचुआ भाषेत ‘माकिनाचायोक’ म्हणत. ‘योक’ म्हणजे आपला ‘वाला’ प्रत्यय, तेव्हा मशीनवाली जागा. वर माचू पिच्चूला जायची बस गावातून सुटते, पाऊण तास रांगेचा आणि अर्धा तास वळणांचा धरून प्रवेशाची वेळ निवडा.

सान पेद्रोची गाडी मिळाली नाही तर

पावसाळ्यात गेलात किंवा तिकिटं संपली, तरी आदल्या दिवसाची बाजार-स्टेशनाची फेरी करा. आणि कोरड्या ऋतूत नुसती गाडी चढताना बघायची असेल, तर हॉटेलवाल्यांना सकाळच्या गाडीची वेळ विचारून स्टेशनमागच्या पिक्चू डोंगराच्या वस्तीत उजेडाच्या वेळी टॅक्सीने जा. रूळ घरांना खेटून जातात. रुळावर उभं राहू नका, गाडी हळू असली तरी ती मागूनही येते, हे झिगझॅगमध्ये विसरायचं नाही. चढ आहे, दम लागतो, तेव्हा जाताना टॅक्सी आणि उतरताना पायी.

परतीचं तिकीट मी ओयांतायतांबोपर्यंतचं घेईन. परतीच्या गाड्या कुस्कोला पोचेपर्यंत अंधार होतो. ओयांतायतांबोला उतरून तिथे एक रात्र राहिलात तर सकाळी इंकांचा किल्ला बघून व्हॅनने कुस्कोला येता येतं आणि खोरं उजेडात दिसतं. ज्यांना शहराचे दिवे वरून बघायचे आहेत, त्यांनी मात्र थेट सान पेद्रोचं तिकीट घ्यावं.

रेल्वेची खूप आवड असेल आणि अर्धा दिवस जास्त असेल, तर आग्वास काल्येंतेसहून रुळांच्या कडेने साधारण दहा किलोमीटरची पायवाट इद्रोएलेक्त्रिका नावाच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. पूर्वी ही रेल्वे याच्याही पुढे, किल्याबांबापर्यंत धावायची. फेब्रुवारी १९९८ मध्ये डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने तिथलं वीजकेंद्र बुजलं आणि पुढचा मार्ग वाहून गेला. तो पुन्हा बांधला नाही. बाजारात कॉफी आणि कोको आता ट्रकने येतात. त्या थांब्यावर दुपारी दोन-अडीचच्या आत पोचा, म्हणजे अंधार पडण्याआधी परत फिरता येईल, आणि बॅटरी बरोबर ठेवाच.